मधल्या सुट्टीचा हिशोब

सरकारी कचेरीच्या खिडकीवर दुपारी दिसणारी 'जेवणाची सुट्टी' ही पाटी नागरिकांच्या रोषाचा जुना विषय आहे. जेवणासाठी अर्ध्या तासाहून अधिक वेळ घेऊ नये, असे महाराष्ट्र शासनाने जून २०१९ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना बजावले, तेव्हा या रोषाला राजमान्यता मिळाली. तक्रार अगदीच अनाठायी नव्हती. रांगेत ताटकळणाऱ्याची भूकही भूकच असते. परंतु आपल्याकडील हा वाद मिनिटांपलीकडे सहसा जात नाही. इतर समाजांनी याच सुट्टीचा विचार किती निरनिराळ्या अंगांनी केला आहे, हे पाहण्यासारखे आहे.

फ्रान्समध्ये नोकराला कामाच्या जागीच जेवू देण्यास मालकाला कायद्याने मनाई आहे. नियमाचा मूळ हेतू आरोग्याचा. पण त्यातून टेबल सोडून उठण्याची आणि चारचौघांत बसून जेवण्याची रीत टिकून राहिली. २०२१ मध्ये साथीपायी हा नियम तात्पुरता शिथिल करावा लागला. जेवणाच्या खर्चाचा वाटा मालकाने उचलावा, यासाठी तेथे १९६७ पासून भोजन-कुपनांची पद्धत आहे. जपानच्या १९४७ च्या कायद्यात सहा तासांहून अधिक कामास पाऊण तास आणि आठ तासांहून अधिक कामास एक तास विश्रांती सांगितली असून, ती तत्त्वतः सर्वांना एकाच वेळी द्यावयाची असते. याउलट अमेरिकेच्या १९३८ च्या संघीय श्रमकायद्याने प्रौढ कामगारांना जेवणाची सुट्टी देण्याचे बंधनच घातले नाही; तो प्रश्न घटकराज्यांवर व करारांवर राहिला. एवढ्या संपन्न देशात एका हातात पाव आणि दुसऱ्या हातात कागद असे दृश्य रूढ व्हावे, हे काहीसे विचित्रच!

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरविली आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृहाची तरतूद केली. २०२० च्या संहितेने ही संख्या शंभरावर आणली. तथापि, आपला खरा आधार उपाहारगृह नसून घरचा डबा हाच राहिला. सोवळेओवळे, जातीचे निर्बंध, पथ्य आणि काटकसर या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. मुंबईत १८९० च्या सुमारास सुरू झालेला डबेवाल्यांचा व्यवसाय याच गरजेवर वाढला. मात्र त्या डब्यामागे पहाटे उठणाऱ्या गृहिणीचे श्रम असतात, ते कोणत्याही वेतनपत्रकात दिसत नाहीत. फ्रान्समध्ये मालक जो भार वाटून घेतो, तो येथे स्वयंपाकघराने निमूटपणे उचलला आहे. कचेरीत एकमेकांच्या डब्यातील भाजी चाखताना जातीच्या काही भिंती खचल्या, हेही नमूद केले पाहिजे.

आज या व्यवस्थेबाहेर एक नवा वर्ग उभा आहे. दुपारी एक ते तीन ही इतरांच्या जेवणाची वेळ म्हणजे घरपोच अन्न नेणाऱ्या तरुणाच्या कमाईची वेळ. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची दखल घेतली, पण त्यांच्या विश्रांतीचा काळ ठरविला नाही. त्याने अर्धा तास थांबायचे ठरविले, तर त्याची किंमत त्याच्याच मिळकतीतून वजा होते. आणि थांबला तरी बसायला जागा कोठे आहे? फूटपाथच्या कडेला, दुचाकीवर बसूनच तो आपला डबा उघडतो.