पोलीस विरुद्ध बंब

वर्गणी मागायला निघालेल्या माणसाला बँकेच्या कारकुनाइतकं सोपं सावज दुसरं नाही. दुकानदार मागच्या दाराने पसार होऊ शकतो, डॉक्टर पेशंट तपासण्याचं नाटक करू शकतो. आम्हाला मात्र काउंटरमागे बसून राहण्याचाच पगार मिळतो. शिवाय आमच्यासमोर नोटांच्या थप्प्या असतात. त्या आमच्या नाहीत, हे आजवर एकाही वर्गणीवाल्याला पटलेलं नाही.

परवा शहापूरच्या आमच्या शाखेत असेच तिघे आले. मधल्याच्या हातात पावतीपुस्तक.

"साहेब, दोन पास फाडू न?"

"कशाचे?"

"मॅच घेऊन राहिलो गावात. पोलीस विरुद्ध फायर ब्रिगेड. चॅरिटी आहे. शंभर रुपये फक्त."

"पैसे कुणाला जाणार?"

"फायर ब्रिगेडलाच. पाइप, बूट, हेल्मेट, असं काही घेऊन देऊ."

मी कॉमर्सचा पदवीधर. ज्याला मदत करायची त्यालाच उन्हात पळवायचं आणि त्याच्याच घामाच्या पैशांनी त्याला बूट घेऊन द्यायचे, ही नोंद जमेला धरायची की नावे टाकायची, हे मला कुठल्याच प्राध्यापकाने शिकवलेलं नाही. तरी मी शांतपणे विचारलं, "पोलीस कुठले?"

"जवाहरनगर ठाण्याचे. हे काय, इथंच."

"आणि फायर ब्रिगेड?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "ते भंडाऱ्याहून आणू न!"

इथे माझं डोकं फिरलं. अहो, सामना शहापूरचा आणि एक अख्खा संघ दहा-बारा किलोमीटरवरून उसना आणायचा! आग लागली की बंबही तिथूनच यायचा. हायवेवरचे ट्रक चुकवत, रेल्वेच्या पाहुण्यासारखा, येईल तेव्हा खरा. तोवर धानाचं पुंजणं जळून राख होतं आणि बंबवाल्यांच्या वाट्याला फक्त पंचनाम्याला हजर राहणं येतं. त्यात त्यांचा काय दोष? पुंजणं काही त्यांची वाट बघत धुमसत बसत नाही. आणि समजा, बंबवाले अकराजण इथे क्षेत्ररक्षण करत उभे आहेत आणि तिकडे भंडाऱ्यात आग लागली, तर तिथलं रक्षण कोण करणार? बारावा गडी?

गावाला स्वतःचा बंब का नाही, याचं उत्तर मी एकदा चिकाटीने शोधलं. ते थेट राज्यघटनेत सापडलं. १९९२ सालच्या दोन घटनादुरुस्त्यांनी कामांची वाटणी करून दिली. नगरपालिकांना बाराव्या अनुसूचीत अठरा विषय मिळाले. त्यांत अग्निशमन आहे. ग्रामपंचायती ज्यात येतात त्या अकराव्या अनुसूचीत चांगले एकोणतीस विषय आहेत. त्यांत मासेमारी आहे, ग्रंथालय आहे, बाजार आणि जत्रासुद्धा आहे. आग नाही! म्हणजे आग ही नगरपालिकेच्या हद्दीतच लागते, असा दिल्लीचा समज असावा. खेड्यातली आग बहुधा बेकायदेशीर धरली जात असेल.

आणि हे कुठल्या गावाबद्दल बोलतोय आपण? शहापूरच्या शेजारी जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना आहे. २४ जानेवारी २०२५ ला तिथे स्फोट झाला आणि आठ माणसं गेली. कारखान्याची आगीची व्यवस्था कारखान्यापुरती असते. कुंपणाबाहेरच्या आम्ही मात्र आवाज ऐकायचा आणि टीव्ही लावायचा.

त्याआधीची एक तारीख या जिल्ह्यात कुणाला सांगावी लागत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटेपूर्वी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. सात बाळं वाचली. दहा गेली. इथे मला विनोद सुचत नाही आणि सुचू नये. एवढंच सांगतो, इमारतीतली आग-प्रतिबंधक साधनं चालू स्थितीत ठेवा आणि तसा दाखला दर सहा महिन्यांनी द्या, असं सांगणारा राज्याचा कायदा २००६ सालचा आहे. आणि राज्यभरच्या रुग्णालयांचं फायर ऑडिट करा, हे आदेश निघाले ते आगीनंतर. आमच्या बँकेत दहा रुपयांचा फरक आला तर ऑडिटर दुसऱ्या दिवशी दारात उभा असतो.

"साहेब, तुम्ही भलतं मनावर घेऊन राहिले," पावतीपुस्तकवाला म्हणाला. "अमेरिकेत तर होतातच न अशा मॅचेस!"

होतात. न्यूयॉर्कचे पोलीस आणि बंबवाले १९७४ पासून एकमेकांविरुद्ध हॉकी खेळत आलेत. बर्फावरची हॉकी. २०१४ च्या सामन्यात तर मदत राहिली बाजूला आणि दोन्ही बाजूंचे रक्षणकर्ते एकमेकांना ठोसे लगावत सुटले. पण सामना संपल्यावर ती मंडळी आपापल्या सुसज्ज ठाण्यांत परत जातात. तिथे वर्गणी ही पगार आणि साधनसामग्रीच्या वर असते. आपण ती त्यांच्याऐवजी गोळा करायला निघालोय. जेवणावर लोणचं वाढणं वेगळं आणि ताटात नुसतंच लोणचं वाढून "चॅरिटी आहे, गोड मानून घ्या" म्हणणं वेगळं.

बरं, पैसा नाही म्हणावं तर तसंही नाही. राज्यांच्या अग्निशमन सेवांचा विस्तार आणि आधुनिकीकरण व्हावं म्हणून केंद्राने २०२३ साली ५,००० कोटींची योजना जाहीर केली. पाच हजार कोटींत किती शून्यं, हे मी लिहून दाखवलं. ती पाहून तिघेही गप्प झाले. शून्यांचा हा परिणाम मी काउंटरवर रोज पाहतो.

आपल्याला या माणसांची आठवण येते ती वर्षातून एकदा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीतल्या स्फोटात ६६ अग्निशमन जवान गेले, म्हणून त्या तारखेपासून सप्ताह पाळतात. २०१५ च्या मे महिन्यात काळबादेवीच्या आगीने मुंबई दलाचे चार अधिकारी नेले. मेल्यावर पुष्पचक्र आणि जिवंतपणी टाळ्या, एवढ्यात आपला हिशेब चुकता! या दोन्ही गोष्टींनी आग विझत नाही.

मी खेळाविरुद्ध नाही. पोलिसांना एक दिवस बंदोबस्ताऐवजी बॅट धरायला मिळाली तर मला आनंदच आहे. पास मी घेतले. फक्त पावतीवर 'सामन्यासाठी' असं लिहून घेतलं. बंबाचे पैसे मी कर म्हणून आधीच भरलेत. ते दुसऱ्यांदा भरणार नाही. मग मी त्यांना माझी अट सांगितली. येत्या ग्रामसभेत ठराव मांडायचा: शहापूर आणि आसपासच्या गावांना मिळून एक बंब आणि तो चालवणारी पगारी माणसं. सूचक मी, अनुमोदक पावतीपुस्तकवाला.

तो हसला. "साहेब, ग्रामसभेला कोरम तरी भरते का?"

"मग ग्रामसभेचेही पास छापा," मी म्हटलं. "शंभर रुपये ठेवा. लोक येतील."