पाहुण्यांसाठीं : व्हेनिसचें ‘स्ग्रोपिनो’

इटलींतील व्हेनिसकडे मेजवानींत माशांचे पदार्थ संपल्यावर, किंवा अगदीं शेवटीं, ‘स्ग्रोपिनो’ नांवाचें फेसाळ पेय देतात. ‘गांठ सोडविणें’ या अर्थाच्या तेथील क्रियापदावरून हें नांव आलें. गांठ अर्थातच जड जेवणानें पोटांत बसलेली! गोठविलेलें लिंबाचें सरबत आणि ‘प्रोसेको’ ही त्या प्रांताची बुडबुड्यांची द्राक्षमदिरा, एवढाच मुख्य सरंजाम. कित्येक त्यांत व्होडकाही घालतात.

चार लहान पेल्यांस सरबत २५० ग्रॅम व मदिरा २०० मिलिलिटर पुरे. मदिरा एकदम ओतल्यास फेस उतूं जातो. म्हणून भांडें मोठें व थंड घ्यावें, धार बारीक धरावी. यंत्रानें घुसळूं नये, वायु निघून जातो. हातानें हलकेच घोटावें. साईचें आइस्क्रीम घातल्यास फेस दाट होतो, पण लिंबाची तरतरी मंदावते. आम्हांस तें पसंत नाहीं.

हें पेय सरबतासारखेंच दिसतें, आणि थंडाव्यामुळें मदिरा जिभेस चटकन् कळत नाहीं. एकाच पंक्तीस वडील माणसें, मुलें, व्रतस्थ पाहुणे असतात. न सांगतां पेला हातीं देऊन मागाहून हंसणें ही थट्टा नव्हे, विश्वासघात आहे. आधींच स्पष्ट सांगावें. आणि न घेणारांसाठीं तेंच सरबत सोड्यांत, निराळ्या भांड्यांत, प्रथम घोटून ठेवावें. त्यांत पिठीसाखर थोडी अधिक लागते, कारण सोड्यास द्राक्षांचा गोडवा नसतो.