श्वानपथकाची खरी ताकद जोडीत

उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदरात सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांच्या स्पेशल सेलने एका कंटेनरमधून सुमारे २२ टन ज्येष्ठमध जप्त केले. त्याच्या कांड्यांवर हेरॉईनचा लेप होता. चौकशीतून हाती आलेल्या माहितीमुळे हा माल सापडला. अशी खबर प्रत्येक वेळी मिळतेच असे नाही आणि या बंदरातून जाणारा प्रत्येक कंटेनर उघडून पाहणेही शक्य नाही. म्हणूनच कागदपत्रे आणि स्कॅनर यांच्या जोडीला श्वानाच्या नाकाचे मोल आजही टिकून आहे. मात्र श्वानपथकांची चर्चा होते ती श्वानांची संख्या आणि जात यांपुरतीच. कोणता श्वान कोणत्या हस्तकाच्या हाती, कोणत्या पद्धतीने घडवला, हा प्रश्न मागे पडतो.

जातीला मिळालेल्या महत्त्वाला इतिहास आहे. मुंबईतील १९९३ च्या स्फोटांसाठीचे आरडीएक्स रायगडच्याच किनाऱ्यावर, शेखाडी येथे उतरवले गेले होते. त्यानंतरच्या शोधमोहिमेत पुण्यात प्रशिक्षण घेतलेल्या 'जंजीर' या लॅब्रॅडॉरने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधून दिले. साहजिकच लॅब्रॅडॉरचा लौकिक वाढला. पण प्रत्येक लॅब्रॅडॉर 'जंजीर' होत नाही. 'सायन्स' नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनानुसार, श्वानांच्या वर्तनातील फरकांपैकी जेमतेम नऊ टक्के फरकाचा उलगडा जातीवरून होतो. बाकीचा फरक त्या त्या श्वानाचा स्वतःचा असतो.

प्रशिक्षणात याचा प्रत्यय रोज येतो. एखादा श्वान चेंडूसाठी जिवाचे रान करतो, दुसऱ्याला खाऊशिवाय गोडी वाटत नाही. एखाद्याला एक करडा शब्द पुरतो, तर दुसरा त्याच शब्दाने बिथरून काम सोडतो. बंदरात तर क्रेनचा खडखडाट, तापलेले लोखंड, डिझेल आणि रसायनांचे वास यांची भर पडते. भित्र्या श्वानाला या वातावरणाची सवय टप्प्याटप्प्याने करून द्यावी लागते. उतावळ्याला आधी थांबायला शिकवावे लागते. कारण स्फोटके सापडल्यावर पंजाने उकरणे नव्हे, तर शांत बसणे अपेक्षित असते.

दोरीच्या दुसऱ्या टोकाचा माणूसही तितकाच निर्णायक ठरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०११ मध्ये १८ श्वान-हस्तक जोड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. शोधाच्या जागेत अमली पदार्थ वा स्फोटके नव्हतीच. पण ती असू शकतात, असे हस्तकांना सांगितले होते. काही ठिकाणी लाल कागद ही त्याची खूण असल्याचेही सांगण्यात आले होते. १४४ पैकी केवळ २१ फेऱ्या निर्दोष पार पडल्या. हस्तकाची अपेक्षाच निकालात उतरली होती. श्वानाने नेमके काय हेरले आणि आपण त्याला नकळत काय सुचवले, यातील भेद ओळखणे हे हस्तकाच्या शिक्षणाचे पहिले सूत्र असायला हवे. शांत हस्तकाला चपळ श्वान आणि तापट हस्तकाला बुजरा श्वान देताना विचार व्हावा, तो याचसाठी.

शिस्तबद्ध दलांना एकसारखी पद्धत हवी असते, ही बाजूही नाकारता येत नाही. न्यायालयात आणि सुरक्षेत प्रत्येक श्वानाचा इशारा सारखाच विश्वासार्ह असावा लागतो. पण समान हवी ती अंतिम कसोटी. तिथवर पोहोचण्याची वाट वेगळी असू शकते. वास कुठे लपवला आहे हे हस्तकालाही ठाऊक नसेल, अशी परीक्षा सर्वांनी द्यावी. तयारीचा वेग, बक्षीस आणि आज्ञेची रीत मात्र जोडीनुसार ठरावी.

यासाठी आवश्यक आहे तो वेळ आणि प्रशासकीय धीर. हस्तकाची बदली ही केवळ एका कर्मचाऱ्याची बदली नसते. नव्या जोडीला पुन्हा जुळवून घेण्याचा अवधी आणि फेरचाचणी न देता तिला कामावर उभे करणे म्हणजे श्वानाला यंत्र समजणे होय. एका बाजूला बंदर आणि दुसऱ्या बाजूला तेल-वायू प्रकल्प असलेल्या उरणसारख्या ठिकाणी हा गैरसमज महागात पडू शकतो.