चुकीची शीर्षके पुसू नयेत

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशात कोणीही लेख लिहू शकतो. तेव्हा लेखांच्या शीर्षकांतही ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होणार, हे उघड आहे. ‘बुद्धिबळ’ हे शुद्ध रूप. पण स्पर्धांच्या फलकांवर ‘बुद्धीबळ’ सर्रास दिसते. असे शीर्षक आढळले की शुद्धलेखनाच्या अभिमान्यांना ते समूळ नाहीसे करावेसे वाटते. ही भावना समजण्याजोगी असली तरी तिच्या आहारी जाणे हिताचे नाही.

लेख शुद्ध शीर्षकाखाली हलवावा, याबद्दल दुमत नसावे. प्रश्न उरतो तो जुन्या शीर्षकाचा. स्थानांतर होताच प्रणाली जुन्या जागी सहसा एका ओळीचे पुनर्निर्देशन ठेवते आणि चुकीचा शब्द टंकणारा वाचकही योग्य लेखावर पोहोचतो. या ओळीचा खर्च जवळजवळ शून्य. ती पुसल्यास मात्र विद्यार्थ्याच्या हाती लेख लागत नाही. तो इंग्रजीकडे वळतो, किंवा उत्साही असला तर त्याच विषयावर दुसरा लेख सुरू करतो. मग दोन अर्धवट लेख, दुप्पट श्रम आणि पुढे विलीनीकरणाची कटकट. स्वयंसेवकांच्या फावल्या वेळावर चालणाऱ्या प्रकल्पाला ही उधळपट्टी परवडणारी नाही.

शिवाय अशुद्ध म्हणावयाचे कशाला? १९६२ साली शासनमान्य झालेल्या नियमांपूर्वीच्या ग्रंथांत ‘कवि’, ‘बुद्धि’ ही रूपे शुद्धच होती. नव्या नियमांनी ती ‘कवी’, ‘बुद्धी’ झाली. समासात मात्र ‘बुद्धि’ ऱ्हस्वच राहिली. जेथे शिक्षकही अडखळतात, तेथे विद्यार्थ्याला दार बंद करणे अन्यायाचे होय. (‘पुनर्निर्देशन’ हाच शब्द कित्येकजण ‘पुर्ननिर्देशन’ असा लिहितात!)

तथापि प्रत्येक चूक जपावी, असा याचा अर्थ नव्हे. बोट घसरून उमटलेले, पुन्हा कोणी टंकणार नाही असे रूप खुशाल काढावे. ‘सुत’ लिहिणाऱ्यास सरसकट ‘सूत’कडे धाडणेही गैर, कारण पुत्र या अर्थी ‘सुत’ हा स्वतंत्र शब्द आहे. तेथे पानाच्या माथ्यावर दुसऱ्या शब्दाची सूचना हवी. आणखी एक दोष नेहमी दुर्लक्षिला जातो. एका पुनर्निर्देशनापुढे दुसरे लागले, तर प्रणाली पहिल्याच टप्प्यावर थांबते व वाचक मधल्याच पानावर अडकतो. म्हणून शीर्षक बदलणाऱ्याने त्या पानाकडे येणाऱ्या दुव्यांची यादी पाहून जुनी पुनर्निर्देशने त्याच बैठकीत नव्या लेखाकडे वळवावीत.