व्होल्टेज कमी, तरी मोटार का जळते?



दापोडीला पवना मुळेला मिळते. तिथली जमीन आता कारखान्यांनी आणि वस्तीने व्यापली आहे. परवा तिथल्या एका मोटार भरणाऱ्याच्या दुकानात मावळातले एक काका भेटले. पाच अश्वशक्तीची मोटार एकाच उन्हाळ्यात दुसऱ्यांदा जळलेली. वर उभे पीक वाळतेय. म्हणाले, "साहेब, व्होल्टेज जास्त असतं तर समजलो असतो. कमी असून कशी जळली?"

प्रश्न चोख आहे. उत्तर नीट समजून घ्या.

पाण्याची टाकी जितकी उंच, तितका नळाला दाब. विजेचा असा दाब म्हणजे व्होल्ट. तारेतून वाहणारा प्रवाह म्हणजे अँपिअर. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते, ती वॅटमध्ये मोजतात. थ्री फेजच्या हिशेबात आणखी काही आकडे येतात, पण नाते हेच. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट.

आता बघा. विहिरीचे पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे, म्हणजे मोटारीला काम जवळजवळ तेवढेच. मग दाब घटला की ती प्रवाह जास्त ओढते. पाच अश्वशक्तीची मोटार ४१५ व्होल्टला साधारण साडेसात अँपिअर घेते. दाब ३३० वर आला की तीच नऊच्या पुढे जाते. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती दीडपट होते. आतले वार्निश करपते आणि मोटार जळते.

काकांनी वर आणखी एक चूक केली होती. फ्यूज सारखा जातो म्हणून त्यांनी जाड तार घातली होती. फ्यूज हा राखणदार आहे. त्यालाच बांधून ठेवले, तर चोराला कोण अडवणार?

तेव्हा एवढे करा :

१. स्टार्टरजवळ व्होल्टमीटर आणि अँपिअरमीटर बसवून घ्या. मोटारीच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरपेक्षा काटा पुढे गेला, तर मोटार बंद करा.

२. ओव्हरलोड रिले त्याच आकड्यावर लावा. रिले वगळून मोटार "डायरेक्ट" करू नका.

३. तिन्ही फेज आहेत का पाहा. दोन फेजवर चाललेली मोटार फार लवकर जळते.

४. ऑटोस्विच काढा. वीज येताच साऱ्या मोटारी एकदम सुरू झाल्या, की डीपीवर ताण येऊन सगळ्यांचाच दाब पडतो. एका डीपीवरच्यांनी पाळी ठरवून थोड्या थोड्या वेळाने मोटारी सुरू कराव्यात.

५. योग्य मापाचा कपॅसिटर बसवा. त्याने लाइनवरचा भार हलका होतो आणि दाब थोडा सावरतो.

ही कामे जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या, आणि पेटीला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करा. मोटार पुन्हा भरून मिळते, माणूस मिळत नाही.