नावाचेही माप असते

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिक मानोन्मान’ हा एक आहे. घेताना एक माप आणि देताना दुसरे, हा त्याचा सरळ अर्थ. व्यापारी घराण्यांत हा अतिचार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. माप खोटे ठरले की दुकानाची पत जाते आणि गेलेली पत भांडवल ओतूनही परत येत नाही, हे तेथे लहानपणापासून कानांवर पडत असते. परंतु माप केवळ धान्याला, कापडाला आणि सोन्यालाच असते असे नाही. नावालाही माप असते. एकाच वस्तूला चार पेठांत चार नावे असली, किंवा एकाच नावाखाली चार निराळ्या वस्तू विकल्या जाऊ लागल्या, तर काटा कितीही अचूक असो, हिशेब चुकणारच. जीएसटीच्या बिलावर मालाच्या नावापुढे एचएसएन क्रमांक लिहावा लागतो, तो याचसाठी. बोलीतले नाव काहीही असो, क्रमांक एकच.

वैद्यकशास्त्राच्या वहीत ही शिस्त यायला फार काळ लागला. तिची गरज ज्यांनी आरंभी ओळखली, त्यांतील एक जण वैद्य नव्हता. तो लंडनमधील एक दुकानदार होता. जॉन ग्रँट हे त्याचे नाव. कापड व किरकोळ शिवणसामानाच्या व्यापारातील हा गृहस्थ. त्या काळी लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंची यादी छापली जाई. कोण कशाने गेले हे पाहण्यासाठी वृद्ध स्त्रिया घरोघर जात, आणि त्या सांगतील तेच कारण यादीत चढे. कारणांच्या रकान्यात ‘म्हातारपण’, ‘अकस्मात’, ‘दात’, इतकेच काय ‘ग्रह’ असेही शब्द असत. लोक ही यादी वाचून टाकून देत. ग्रँटने मात्र अनेक वर्षांच्या याद्या जमवल्या, दुकानातील खतावणीप्रमाणे रकाने मांडले, बेरजा घेतल्या आणि १६६२ मध्ये एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. आपण वापरले ते दुकानातलेच गणित, असे त्याने मोकळेपणाने मान्य केले. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्याला आपला सदस्य करून घेतले. असे आणखी व्यापारी सापडले तर त्यांनाही निःसंकोच घ्या, असे राजा दुसऱ्या चार्ल्सने तेव्हा सुचवल्याचे सांगतात.

ग्रँटला आकड्यांपेक्षा शब्दांनी अधिक अडवले. मुडदूस हा रोग यादीत प्रथम १६३४ साली दिसतो, आणि त्या वर्षी त्याच्या नावावर अवघे १४ मृत्यू होते. रोग नवा आला, की जुन्याच रोगाला नवे नाव मिळाले? हे ठरवण्यासाठी त्याने ‘यकृत वाढणे’ या जुन्या रकान्याचे आकडे शेजारी मांडून पाहिले. एक खाते वाढते तेव्हा दुसरे कमी होते काय, हे पाहण्याची ही निव्वळ व्यापारी रीत. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. उपदंशाने झालेले मृत्यू जवळजवळ केवळ दोनच पॅरिशांच्या नोंदींत आढळत. बाकी शहरात तो रोग नव्हता असे नाही. प्रतिष्ठित घरांतून तो ‘व्रण’ किंवा ‘क्षय’ अशा सौम्य नावाने लिहवून घेतला जात असे, आणि त्यासाठी तपासनीस बाईच्या हातावर चार नाणी ठेवली जात, असा निष्कर्ष त्याने काढला. यादीची बेरीज बरोबर होती; खोटे होते ते खाते.

पुढे इंग्लंडमध्ये सरकारी नोंदणी कार्यालय स्थापन झाले आणि विल्यम फार या डॉक्टरकडे मृत्यूंच्या आकडेवारीचे काम आले. १८३९ च्या पहिल्याच अहवालात त्याने तक्रार नोंदवली की, एकाच रोगाला तीन-चार नावे आहेत आणि एकेका नावाखाली कितीतरी रोग दडले आहेत. भौतिक शास्त्रांत वजन-मापांना जे महत्त्व, तेच या शास्त्रात नावांना आहे, असा त्याचा आशय होता. मानोन्मानाची हीच तुलना! १८९३ मध्ये झाक बेर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्युकारणांची आंतरराष्ट्रीय सूची मांडली, १९४८ मध्ये तिची जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेने घेतली, आणि आज तिची अकरावी आवृत्ती चालू आहे. ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत तिच्यात आयुर्वेद, सिद्ध व युनानी या पद्धतींतील विकारांच्या संज्ञांचा विभागही जोडण्यात आला.

परंतु सूची म्हणजे केवळ नावांची रांग. संगणकाला त्याहून अधिक हवे असते; नावांचे परस्परांशी नातेही सांगावे लागते. अशा नात्यांसह केलेल्या मांडणीला शास्त्रज्ञ ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात. शब्द अवघड आहे, पण जैन पाठशाळेत शिकलेल्याला कल्पना अवघड नाही. जीव दोन प्रकारचे, संसारी आणि मुक्त. संसारींत त्रस आणि स्थावर. त्रसांत द्वीन्द्रियापासून पंचेन्द्रियापर्यंत. मुंगी त्रीन्द्रिय आहे एवढे म्हटले की ती त्रस आहे, संसारी आहे, जीव आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. त्याचप्रमाणे ‘विषाणुजन्य न्यूमोनिया’ अशी नोंद झाली की, ‘फुप्फुसाचे विकार’ शोधणाऱ्याला ती आपोआप सापडते.

जनुकांच्या बाबतीत हे काम १९९८ मध्ये सुरू झाले. फळमाशी, उंदीर आणि पाव फुगवणारे यीस्ट या तिघांच्या जनुकांची माहिती ठेवणारे तीन गट एकत्र आले. एकाच कार्याला तिघांकडे तीन नावे होती. माशीत मिळालेले ज्ञान उंदरावर काम करणाऱ्याच्या हाती लागत नव्हते. त्यांनी ‘जीन ऑन्टॉलॉजी’ ही सामाईक शब्दावली उभारली. आज तिच्यात ४०,००० च्या आसपास संज्ञा आहेत, आणि प्रत्येकीला क्रमांक आहे. संज्ञेचे नाव बदलले तरी क्रमांक बदलत नाही. संज्ञा बाद झाली तरी तिचा क्रमांक दुसरीला देत नाहीत. बँकेतील खाते क्रमांकाचा नियम याहून वेगळा नाही.

शिस्त ढिली पडली तर काय होते, याचे उदाहरण प्रत्येक पेढीवरील संगणकात आहे. ‘सप्टेंबर’ आणि ‘मार्च’ यांच्या इंग्रजी स्पेलिंगशी मिळतीजुळती नावे असलेली काही मानवी जनुके होती. एक्सेलच्या तक्त्यात ती टंकली की सॉफ्टवेअर त्यांना तारीख समजून बदलून टाकी. २०१६ मध्ये झालेल्या तपासणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असे दोष सापडले. शेवटी नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली, आणि २०२० मध्ये तसे नियमही प्रसिद्ध केले.

हे सारे प्रयोगशाळेतच राहते असे नाही. दुर्मीळ आनुवंशिक रोगाचे मूल अनेकदा वर्षानुवर्षे निदानाविना राहते. रोगलक्षणांच्या प्रमाणित शब्दावलीचे काम २००८ मध्ये बर्लिनमधून पुढे आले. तिच्यामुळे एका देशातील डॉक्टरने नोंदवलेली लक्षणे दुसऱ्या देशातील दुसऱ्या मुलाच्या लक्षणांशी ताडून पाहता येतात. दोन्हीकडे तोच क्रमांक लिहिला असेल, तरच ती दोन मुले एकमेकांना सापडतात.

आणि येथे गोष्ट पुन्हा घराच्या उंबरठ्याशी येते. मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर शेवटचे कारण आणि त्याच्या मुळाशी असलेला रोग, अशी दोन्हींची जागा असते. ‘हृदयक्रिया बंद पडली’ हे मूळ कारण नव्हे. ती प्रत्येकाचीच बंद पडते. तरीही तेवढेच लिहिले गेले, तर वीस वर्षांनी नातवाला डॉक्टर विचारतात, “आजोबा कशाने गेले?” तेव्हा घरात कोणाकडे उत्तर नसते. मधुमेह होता, मूत्रपिंडाचा विकार होता, की आतड्याचा कर्करोग होता, हे कळले असते तर नातवाची तपासणी वेळेत झाली असती. काही घरांत तर मुलींच्या सोयरिकीच्या काळजीने मिरगी, मनोविकार किंवा रक्ताचा दोष ‘अशक्तपणा’ या शब्दाआड झाकला जातो. साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडनच्या प्रतिष्ठितांनी हेच केले होते. हेतू वाईट नसतो. परंतु ती किंमत पुढच्या पिढीकडून वसूल होते.

उपाय साधा आहे आणि व्यापारी घराला शोभणारा आहे. रुग्णालयाच्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावरील निदान डॉक्टरांकडून समजून घ्यावे, त्याचे पूर्ण नाव स्पष्ट लिहवून घ्यावे, आणि ते कागद दागिन्यांच्या पावत्यांइतक्याच काळजीने सालवार फाइलमध्ये लावावेत. घरातील प्रत्येक व्यक्तीचे एक पान असावे: रोग, वय, औषध, ॲलर्जी. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख करणे, हाही सांगितला आहे. दिवाळीला नव्या वहीचे पूजन करणाऱ्या घरात ही एक वहीही खरी लिहिली गेली, तर तिचा नफा घेणारे आज कदाचित जन्मालाही आले नसतील.