डॉक्टरांना न विचारलेला प्रश्न

काही वर्षांपूर्वी एका जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर बसून आम्ही एका खून खटल्याचा अंतिम युक्तिवाद ऐकत होतो. भावकीतले बांधाचे भांडण. शब्दाला शब्द वाढत गेला, एकाने शेजारी पडलेले कुदळीचे दांडके उचलले आणि समोरच्याच्या डोक्यात घातले. घाव एकच. जखमी चौथ्या दिवशी रुग्णालयात मरण पावला. साक्षीदार फितूर झाले नव्हते, घटनेबद्दल वाद नव्हता. वाद एवढाच होता की हा खून, की खुनाच्या सदरात न मोडणारा सदोष मनुष्यवध. न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना मध्येच थांबवून विचारले, "ही इजा प्रकृतिक्रमानुसार सर्वसामान्यपणे मृत्यू घडवायला पुरेशी होती, असे डॉक्टर कुठे म्हणाले आहेत?" सरकारी वकिलांनी जबाब पुढून मागून चाळला. सरतपासात तो प्रश्नच नव्हता. शवविच्छेदन अहवालात मृत्यूचे कारण 'डोक्याला झालेली इजा' एवढेच.

हे संपादकीय त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. बातम्यांतून आणि मालिकांतून 'मॅन्स्लॉटर' हा शब्द आपल्याकडे सर्रास वापरला जातो. तरुण वकीलही तो वापरतात. तो इंग्लंडच्या कायद्यातला आहे. तिथे ताबा सुटल्यामुळे किंवा मानसिक विकृतीमुळे खुनाच्या खाली उतरलेला गुन्हाही मॅन्स्लॉटर, आणि घोर निष्काळजीपणाने घडवलेला मृत्यूही मॅन्स्लॉटर. आपल्या संहितेची मांडणी वेगळी आहे. इथे सदोष मनुष्यवध हे मोठे वर्तुळ आणि खून हे त्याच्या आतले लहान. निष्काळजीपणाचे मृत्यू या वर्तुळाच्या बाहेर, स्वतंत्र कलमात. म्हणून तिकडचे निवाडे इकडे आणताना दहादा विचार करावा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले. २९९ चे १०० झाले, ३०० चे १०१, ३०२ चे १०३, ३०४ चे १०५ आणि ३०४-अ चे १०६. व्याख्यांचे शब्द मात्र जवळपास तेच राहिले, त्यामुळे दीडशे वर्षांचे निवाडेही आपल्या हाताशी राहिले. त्यातला पहिला आपल्याच उच्च न्यायालयाचा आहे.

१८७६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे गोविंदाचे प्रकरण फाशीच्या पुष्टीसाठी आले. अठरा वर्षांच्या नवऱ्याने पंधरा वर्षांच्या बायकोला लाथा-बुक्क्या मारल्या, ती खाली पडल्यावर छातीवर गुडघा टेकवला आणि तोंडावर दोन-तीन ठोसे लगावले. कवटी फुटली नाही, पण मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. न्या. मेल्व्हिल यांनी दोन्ही कलमे शेजारी-शेजारी मांडली आणि कुठला शब्द कुठे बदलतो ते दाखवले. सदोष मनुष्यवधासाठी मृत्यूचा 'संभव' असलेली इजा पुरते. खुनासाठी ती इजा प्रकृतिक्रमानुसार मृत्यू घडवायला 'पुरेशी' असावी लागते. सारा फरक संभव आणि पुरेशी या दोन शब्दांत, म्हणजेच मरणाची शक्यता किती होती यात. मुठीचे ठोसे त्या मापात बसले नाहीत आणि गुन्हा खुनाखाली उतरला. हा निवाडा आपण इतक्यांदा उद्धृत करतो की त्या पंधरा वर्षांच्या मुलीचा आपल्याला विसर पडतो. तिच्या मरणाचे मोल कमी ठरले, असा त्या निकालाचा अर्थ नाही. मोजली गेली ती मारणाऱ्याची कृती आणि त्यामागचे त्याचे मन.

दुसरा निवाडा विरसा सिंगचा, १९५८ चा. तो लिहिणारे न्या. व्हिव्हियन बोस सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी नागपूरला मुख्य न्यायमूर्ती होते. पोटात भाल्याचा एकच वार, दुसऱ्या दिवशी मृत्यू. बचाव असा की जीव घेण्याचा हेतू नव्हता. बोस यांनी सांगितले की आताच्या १०१ (क) मधल्या, म्हणजे जुन्या 'तिसऱ्या' खंडासाठी तो हेतू सिद्ध करावाच लागत नाही. इजा झाली आहे का, ती कोणत्या स्वरूपाची आहे, नेमकी तीच इजा करण्याचा आरोपीचा इरादा होता का, की ती अपघाताने झाली, हे आधी पाहायचे. आणि मग ती इजा मृत्यूला पुरेशी होती का, हे वस्तुनिष्ठपणे ठरवायचे. या शेवटच्या प्रश्नात आरोपीला काय वाटत होते याला जागाच नाही.

या निवाड्यातले अर्धेच आपण वापरतो, असे आम्हाला वाटते. 'मारायचा हेतू नव्हता' हे बचावाचे पालुपद निवाडा सपशेल फेटाळतो, हे सरकारी पक्षाला पाठ असते. पण तिसरी पायरी, 'नेमकी तीच इजा', बचावाच्या हातात असते आणि ती तशीच पडून राहते. पायावर मारायला उगारलेली काठी समोरचा वाकल्यामुळे डोक्यात बसली, तर डोक्याची इजा 'अभिप्रेत' होती असे आपोआप म्हणता येत नाही. मांडीवर बसलेल्या एका सुऱ्याच्या घावाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये अशाच कारणाने खुनाची शिक्षा टिकवली नाही. पण हा मुद्दा उलटतपासात मांडावा लागतो. मृत उभा होता की वाकलेला, पळत होता की झुंजत होता, काठी वरून आली की आडवी, हे साक्षीदाराच्या तोंडून आले नाही, तर युक्तिवादात उभे करायला काहीच उरत नाही.

मुळात हा फरक सत्र न्यायालयात ठरण्याआधी घटनास्थळी ठरत असतो. जप्ती पंचनाम्यात 'एक लाकडी दांडके, रक्ताचे डाग असलेले' असे लिहून मुद्देमाल सील होतो. लांबी नाही, घेर नाही, वजन नाही. बाभळीचे जड दांडके आणि वाळलेली पोकळ काठी, दोन्ही कागदावर सारखीच. ते बांधावरच पडलेले होते की घरून आणले होते, याचाही उल्लेख नसतो. खरे तर घरून आणलेले हत्यार पूर्वतयारी सांगते आणि हाताशी आले ते उचलले असेल तर खुनाच्या कलमाचा चौथा अपवाद, म्हणजे आकस्मिक भांडणाचा, दार ठोठावतो. पुढे तेच हत्यार डॉक्टरांकडे जाते तेव्हा पत्रात एकच प्रश्न असतो: ही इजा या हत्याराने होऊ शकते का? दुसरा प्रश्न लिहायला दोन ओळी लागतात. डॉक्टर गप्प राहिले म्हणून न्यायालयाचे हात बांधले जात नाहीत, इजांच्या वर्णनावरून ते स्वतः निष्कर्ष काढू शकते, हे खरे. पण मग ते वर्णन तरी पूर्ण हवे.

'वरचे कलम लावून ठेवू, न्यायालय उतरवेल' ही तपासातली सवय आम्हाला फार अस्वस्थ करते. खुनाचे कलम लागले की जामीन दुरापास्त होतो आणि माणूस वर्षानुवर्षे कच्च्या कैदेत राहतो. उलट बाजूने, खरोखरच्या खुनात कागद अपुरे राहिले की मृताच्या घरच्यांना कलम का उतरले हे कोणी समजावून सांगू शकत नाही.

अपवादांबद्दल थोडेच. ते सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, मात्र शक्यतांच्या तोलाने, संशयातीत नव्हे. आकस्मिक प्रक्षोभात आकस्मिक या शब्दाला किती वजन आहे ते नानावटी खटल्याने १९६१ मध्येच दाखवले: पत्नीची कबुली आणि गोळीबार यांच्यात सुमारे तीन तास गेले होते, मन थंडावायला तेवढे पुरेसे होते. चौथ्या अपवादात पूर्वनियोजन नसणे एवढेच पुरत नाही. गैरफायदा घेतलेला नसावा आणि कृती क्रूरही नसावी.

नव्या १०५ ने एक गोष्ट बदलली आहे आणि तिच्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. पहिल्या भागात, म्हणजे जिथे इरादा आहे तिथे, आता किमान पाच वर्षांची शिक्षा आहे. जुन्या ३०४ मध्ये अशी किमान मर्यादा नव्हती. दुसऱ्या भागात, म्हणजे केवळ जाणीव असेल तिथे, ती आताही नाही. तेव्हा पहिला भाग की दुसरा, हा वाद आता खुनाच्या वादाइतकाच जोमाने लढवावा लागेल. वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये मद्यधुंद चालकाच्या गाडीखाली सात मजूर मेले, तेव्हा गुन्हा निष्काळजीपणातून उचलून ३०४ च्या दुसऱ्या भागात गेला तो याच जाणिवेच्या बळावर, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते मान्य केले.

त्या बांधाच्या खटल्यात सरकारी वकिलांनी डॉक्टरांना पुन्हा तपासण्यासाठी अर्ज दिला आणि तो मंजूर झाला. डॉक्टरांची तोवर दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली होती. पुढच्या तारखेला ते आले, पिंजऱ्यात उभे राहून स्वतःच्या हातचा अहवाल दोनदा वाचला. कवटीच्या तड्याची लांबी त्यांनी लिहिली होती. मेंदूवर साचलेले रक्त किती, हे लिहिले नव्हते. न्यायाधीशांनी प्रश्न स्वतःच विचारला. डॉक्टर बराच वेळ अहवालाकडे पाहत राहिले. "आता आठवणीवर सांगता येणार नाही," ते म्हणाले, आणि लघुलेखकाने ते वाक्य उतरवून घेतले.